इंग्रजीत गोष्ट लिहायला शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

माध्यमिक वर्गातल्या मुलांना गोष्ट सांगता येत नाही, असं क्वचितच असतं. मधल्या सुट्टीत काय झालं ते विचारून बघा. आवाज बदलून, हातवारे करून, नेमक्या जागी थांबून सांगतील. तीच मुलं इंग्रजीच्या वहीत ‘वन्स अपॉन अ टाइम देअर वॉज अ बॉय’ एवढं लिहून पेनचं टोपण चावत बसतात. दोन अडचणी असतात. दिलेला विषय फार मोठा असतो, ही पहिली. दुसरी जास्त चिवट आहे: मराठीत सांगण्याची अंगात मुरलेली लय मुलं तशीच्या तशी इंग्रजीत उतरवतात, आणि मराठीत जे शोभतं ते तिथे चूक ठरतं. ‘यांचं व्याकरणच कच्चं’ असं म्हणून काळांचे तक्ते पाठ करून घेतले, तर चाचणीत गुण मिळतात आणि गोष्टीत पुन्हा त्याच चुका येतात.

खालची आखणी ४० मिनिटांच्या आठ तासिकांची आहे. साधी तीन-चार शब्दांची इंग्रजी वाक्यं लिहिता येणारा वर्ग गृहीत धरला आहे. उदाहरणांतली इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर अर्थातच इंग्रजी लिपीत लिहा.

काय काय लागेल

- प्रत्येकाची वेगळी वही, एक ओळ सोडून लिहिलेली. सोडलेली ओळ दुरुस्तीसाठी. हा नियम पहिल्याच दिवशी लावा, नंतर लागत नाही.
- दोन रंगांची पेनं, त्यातलं लाल नको.
- १२० ते १५० शब्दांची एक नमुना गोष्ट, तुम्ही स्वतः लिहिलेली.
- चार ते सहा चौकटींची एक चित्रमालिका. शब्द नसलेली उत्तम.
- साधारण ३० अनियमित क्रियापदांचा तक्ता: वेन्ट, सॉ, केम, टुक, रॅन, हर्ड, फाउंड, फेल्ट, थॉट, टोल्ड, सेड, गेव्ह, न्यू, लेफ्ट, फेल, हेल्ड, स्टुड, सॅट, पुट, ब्रोक, थ्रू, कॉट, ब्रॉट अशी, गोष्टीत खरोखर लागणारी. पुस्तकामागची शंभर-दीडशेची यादी भिंतीवर लावू नका, तिच्याकडे कुणी बघत नाही.
- वेळ लावायला घड्याळ.

१. आधी नमुना घ्या

शिकवायला सुरुवात करण्याआधी १५ मिनिटं द्या आणि एका चित्रावर जमेल तसं लिहू द्या. मदत नाही, शब्दसूची नाही, गुणही नाहीत. या वह्या तपासायच्या नाहीत, फक्त वाचायच्या आणि तीन गठ्ठे करायचे: ज्यांच्या लिखाणात काही घडतच नाही (नुसतं वर्णन), ज्यांच्यात घडतं पण काळ घसरतो, आणि ज्यांच्यात दोन्ही ठीक आहे पण गोष्ट सपाट आहे. बहुतेक वर्गांत मधला गठ्ठा सर्वांत जाड निघतो. पुढच्या आठ तासिकांत कशावर जास्त वेळ द्यायचा हे या गठ्ठ्यांवरून ठरवा. तारीख घालून वह्या बाजूला ठेवा, त्या शेवटी परत लागतील.

२. विषय लहान करा

‘माझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग’ किंवा ‘एक सहल’ हे विषय वाटतात सोपे, पण मुलांना बुडवतात. सहलीची गोष्ट सकाळी उठण्यापासून सुरू होते, गाडी सुटते, सगळे गाणी म्हणतात, जेवतात, परत येतात आणि झोपतात. दीडशे शब्द संपतात तरी काही घडलेलं नसतं. तो वृत्तान्त झाला.

मुलांना माप द्या: एक जागा, दोन माणसं, जास्तीत जास्त एक तास. ‘किल्ली सापडत नाही’, ‘चुकीच्या वर्गात शिरलो’, ‘फोन वाजतोय पण आपला नाही’. अशा विषयात अडचण पहिल्याच वाक्यापासून असते, ती शोधत बसावी लागत नाही. काळही आटोपशीर राहतो, कारण एका तासात फार मागेपुढे जाता येत नाही.

३. नमुना गोष्ट स्वतः लिहा

पाठ्यपुस्तकातला उतारा नमुना म्हणून सहसा चालत नाही. तो कसलेल्या लेखकाचा असतो, आणि मुलांना उद्या जे लिहायचंय त्याच्या तीन पायऱ्या वर असतो. नमुना वर्गाच्या पातळीपेक्षा अर्धी पायरी वर असावा, म्हणून तो तुम्हीच लिहा. या लेखात पुढे वापरलेल्या गोष्टीची सुरुवात अशी:

‘मीरा वॉज स्टँडिंग आउटसाइड द लॉक्ड डोअर. शी पुट हर हँड इन हर पॉकेट. द की वॉज नॉट देअर. शी चेक्ड द अदर पॉकेट, देन द बॅग. नथिंग. शी हॅड लेफ्ट इट ऑन हर डेस्क.’

सहा वाक्यं. त्यांत एक ‘वॉज स्टँडिंग’ आहे (पार्श्वभूमी), एक ‘हॅड लेफ्ट’ आहे (आधी घडलेलं), बाकी सगळं साध्या भूतकाळात. हे प्रमाण मुद्दाम ठेवलं आहे. कारण सातव्या पायरीत येईल.

गोष्ट तीनदा वाचा, दर वेळी काम वेगळं द्या. पहिल्यांदा फक्त ऐका आणि पुढे काय होईल याचा अंदाज सांगा. दुसऱ्यांदा गोष्ट कुठे वळते त्या वाक्याखाली रेघ मारा. तिसऱ्यांदा क्रियापदांना गोल करा. पहिल्याच वाचनाला कठीण शब्दांचे अर्थ सांगत बसलात तर गोष्ट मरते. अर्थ दुसऱ्या वाचनानंतर सांगा, तेही चार-पाचच.

४. सांगाडा: पाच चौकोन

फळ्यावर पाच चौकोन काढा. कोण-कुठे, काय अडलं, काय काय केलं, त्याला किंवा तिला कसं वाटलं, शेवटी काय झालं.

१९६७ साली विल्यम लबाव्ह आणि जोशुआ वालेत्स्की या अमेरिकी अभ्यासकांनी लोक स्वतःचे अनुभव तोंडी कसे सांगतात याची रचना मांडली. क्रमाने घडलेल्या घटनांखेरीज सांगणारा आणखी एक गोष्ट करतो असं त्यांनी दाखवलं: हे सांगण्यासारखं का आहे, ते तो ऐकणाऱ्याला जाणवून देतो. आपला चौथा चौकोन त्यासाठीच आहे, आणि मुलांच्या वहीत तोच रिकामा राहतो. तोंडी सांगताना हे काम आवाज आणि चेहरा करतात. कागदावर दोन्ही नाहीत, म्हणून शब्दांनी करावं लागतं. मुलांना अगदी याच भाषेत सांगा, पटतं.

पुष्कळ ठिकाणी डोंगरासारखी चढ-उताराची आकृती काढून देतात. ती मूळची गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये पाच अंकी नाटकांसाठी मांडलेली कल्पना आहे. दीडशे शब्दांच्या गोष्टीला एवढा डोंगर झेपत नाही. मुलं चढणीतच दमतात आणि उतार दोन ओळींत उरकतात. चौकोन बरे.

आखणी मराठीत करू द्यायची का? चौकोनात सुटे शब्द मराठीत चालतील, अख्खी वाक्यं नाहीत. मराठीत पूर्ण वाक्य तयार झालं की मूल गोष्ट लिहीत नाही, भाषांतर करत बसतं, आणि मराठी वाक्याची सगळी वळणं इंग्रजीत येतात.

५. लिहिण्याआधी बोलू द्या

जोड्या करा. प्रत्येकाने आपल्या चौकोनांवरून गोष्ट इंग्रजीत सांगायची: आधी चार मिनिटांत, मग दुसऱ्या जोडीदाराला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. गोष्ट तीच, ऐकणारा नवा. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी होतं आणि पाल्हाळ आपोआप गळतं. वर्ग कच्चा असेल तर तीन-दोन-एक करा. मध्ये मराठी शब्द आला तरी थांबवू नका. वर्गात गोंगाट होईल, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

वेळ नाही म्हणून ही पायरी गाळली जाते. मग पुढच्या तासाला अर्धा वर्ग ‘सर, काय लिहू?’ विचारतो आणि वाचवलेली २० मिनिटं तिथे जातात.

६. फळ्यावर मिळून लिहा

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात लेखनप्रकारांवर आधारलेली जी शिकवण्याची पद्धत रुजली, तिचा कणा हाच: आधी नमुना, मग सगळ्यांनी मिळून, मग एकट्याने. आपल्याकडे मधला टप्पा उडतो. नमुना वाचून झाला की लगेच ‘आता तुम्ही लिहा’.

खडू तुमच्या हातात, वाक्यं मुलांची. मीराची गोष्ट पुढे नेताना वर्गातून हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘शी वॉज व्हेरी स्केअर्ड’. ते नाकारू नका. फळ्यावर लिहा, खाली रेघ मारा आणि तीन प्रश्न विचारा.

तिला काय ऐकू आलं? कुणी म्हणेल, ‘सम साउंड’. कसला? ‘समथिंग फेल’. कुठे? ‘इनसाइड’. लिहा: ‘समथिंग फेल इनसाइड.’

तिने शरीराने काय केलं? दाराला कान लावला. ‘कान लावणं’ इंग्रजीत कसं म्हणायचं यावर दोन मिनिटं जाऊ देत. ‘शी पुट हर इअर ऑन द डोअर’ येईल. अगदी चूक नाही. ‘प्रेस्ड हर इअर टू द डोअर’ तुम्ही द्या.

ती काय म्हणाली? ‘हू इज देअर?’ आवाज कसा होता? ‘स्मॉल’.

आता फळ्यावर असं उभं राहतं: ‘समथिंग फेल इनसाइड. मीरा प्रेस्ड हर इअर टू द डोअर. “हू इज देअर?” शी आस्क्ड, बट हर व्हॉइस केम आउट स्मॉल.’ आता ‘शी वॉज व्हेरी स्केअर्ड’ हे वाक्य पुसायचं का, ते वर्गाला विचारा. पुसायचंच म्हणून ओरडतील. स्वतःच्या हाताने एक वाक्य पुसून घेणं हा या तासिकेचा खरा धडा. ‘दाखवा, सांगू नका’ असं सूत्र दहा वेळा सांगून हे होत नाही.

एका गोष्टीत असा क्षण एकच फुलवायचा, फार तर दोन. सगळीच वाक्यं फुलवली तर गोष्ट पुढेच सरकत नाही. दारातून आत जाणं, जिना उतरणं हे एका ओळीत उरकायला शिकवणंही तितकंच गरजेचं आहे.

७. मराठीची सवय, इंग्रजीतली चूक

इथे दोन पूर्ण तासिका द्या. एका वेळी एकच सवय घ्या: फळ्यावर डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे वर्गातूनच आलेलं चुकीचं इंग्रजी, खाली दुरुस्त. मुलाचं नाव घेऊ नका.

*‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे.* मराठीत ‘मी काल बाजारात गेलो होतो’ हे अगदी साधं वाक्य आहे. तेच मूल लिहितं, ‘आय हॅड गॉन टू द मार्केट यस्टरडे’. इंग्रजीत ‘हॅड’ तेव्हाच लागतो जेव्हा भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधीची घटना सांगायची असते. कसोटी एका प्रश्नाची: ‘कशाच्या आधी?’ ‘शी हॅड लेफ्ट इट ऑन हर डेस्क’ — कशाच्या आधी? दारापाशी येण्याच्या आधी. उत्तर मिळालं, ‘हॅड’ ठेवा. ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ — कशाच्या आधी? उत्तर नाही, ‘हॅड’ काढा, ‘वेन्ट’ लिहा. दीडशे शब्दांत दोनपेक्षा जास्त ‘हॅड’ दिसले तर प्रत्येकाला हा प्रश्न विचारायला लावा.

*मध्येच वर्तमानकाळ.* मराठीत रंगात येऊन सांगताना आपण सहज वर्तमानात जातो: ‘मी दार उघडलं. बघतो तर काय, आत कुणीच नाही!’ यात काही वावगं नाही, उलट मजा आहे. इंग्रजीत तोच उडीचा प्रकार मुलं करतात: ‘आय ओपन्ड द डोअर. आय सी अँड देअर इज नोबडी.’ इंग्रजी गोष्ट पूर्ण वर्तमानकाळात लिहिता येते, पण वाक्यागणिक काळ बदलला की वाचणारा गोंधळतो. पहिल्या वर्षी नियम सरळ ठेवा: अवतरणचिन्हांच्या बाहेर सगळं भूतकाळात. चिन्हांच्या आत पात्र बोलतं, तिथे कोणताही काळ चालेल. ‘अवतरणाच्या आत’ हा भाग सांगायला विसरलात तर मुलं संवादही भूतकाळात नेतात आणि ‘“व्हेअर वॉज माय की?” शी आस्क्ड’ असं काहीतरी होऊन बसतं.

*‘ऊन’ची माळ.* ‘दप्तर ठेवून, हात धुऊन ती खिडकीशी जाऊन बसली.’ मराठीत एका दमात तीन कामं होतात. मुलाला इंग्रजीत ‘ऊन’ सापडत नाही, म्हणून तो ‘अँड देन’ने शिवतो: ‘शी केप्ट द बॅग अँड देन शी वॉश्ड द हँड्स अँड देन शी सॅट निअर द विंडो.’ तोडगा सोपा आहे. कर्ता एकदाच, क्रियापदं स्वल्पविरामाने, शेवटच्याच्या आधी ‘अँड’: ‘शी पुट डाउन हर बॅग, वॉश्ड हर हँड्स अँड सॅट बाय द विंडो.’

याच वाक्यात आणखी दोन चुका दडल्या आहेत. ‘ठेवलं’ म्हटलं की मुलांना ‘केप्ट’ सुचतं. खाली किंवा कुठेतरी ठेवण्याला ‘पुट’, आणि त्याचं भूतकाळी रूपही ‘पुट’च. आणि ‘हात धुतले’ म्हणताना मराठीत कुणाचे ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘हर हँड्स’, ‘हिज हेड’, ‘माय आइज’ असं मालकी दाखवूनच लिहितात.

*‘वन मॅन’, ‘दॅट मॅन’.* ‘एक माणूस आला. तो माणूस उंच होता.’ यातून ‘वन मॅन केम. दॅट मॅन वॉज टॉल’ तयार होतं. पहिल्या उल्लेखाला ‘अ’, दुसऱ्यापासून ‘द’ किंवा सर्वनाम. ‘वन डे’ मात्र बरोबर आहे, आणि त्यामुळेच गोंधळ वाढतो. हे आधीच बोलून टाका.

*‘म्हणाली की’.* ‘आई म्हणाली की मी उशिरा येईन.’ मराठी वाचकाला इथे ‘मी’ म्हणजे आई हे सहज कळतं. ‘मदर सेड दॅट आय विल कम लेट’ वाचणाऱ्याला मात्र उशिरा येणारा मुलगा वाटतो. अप्रत्यक्ष कथन शिकवून हे सुटेल, पण गोष्टीच्या तासाला ते करू नका, धागा सुटतो. सध्या सगळे संवाद थेट अवतरणात लिहायला सांगा. शिकवायचं इतकंच: बोललेलं वाक्य अवतरणात, ‘सेड’च्या आधीचा स्वल्पविराम चिन्हाच्या आत, बोलणारा बदलला की नवी ओळ. क्रियापदं ‘सेड’ आणि ‘आस्क्ड’ पुरतात. ‘एक्सक्लेम्ड’, ‘रिटॉर्टेड’, ‘अटर्ड’ यांची यादी दिलीत की मुलं ती हौसेने आणि चुकीच्या जागी वापरतात. एका गोष्टीत तीन-चार संवाद बस. त्यापुढे तिचं नाटक होतं.

*‘लागली’चं ‘स्टार्टेड’.* ‘रडू लागली’, ‘पळू लागला’, ‘पाऊस पडू लागला’. प्रत्येक ‘लागला’ला ‘स्टार्टेड’ लिहिलं तर कुणीच काही पुरं करत नाही. ‘शी क्राइड’, ‘ही रॅन’ एवढंच लिहायला सांगा. सुरुवात होणंच महत्त्वाचं असेल तिथे ‘स्टार्टेड’ राहू द्या.

याखेरीज ‘डिड नॉट वेन्ट’ आहेच. त्याचा मराठीशी थेट संबंध नाही. भूतकाळ दोनदा लावला जातो इतकंच. ‘डिड’ आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘स्लोली स्लोली’ मात्र ‘हळूहळू’मधून सरळ आलेलं आहे, एकदाच लिहा म्हटलं की मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

८. पहिला मसुदा

२० मिनिटं, १२० ते १५० शब्द, शांतता. शब्दकोश बंद. अडलेला शब्द चौकटीत मराठीत लिहून पुढे जायचं. एका शब्दासाठी लेखणी थांबली की गोष्टही थांबते. खोडरबरही बंद ठेवा. खोडलेलं दिसलं पाहिजे. पाच मिनिटं राहिली की सांगा, म्हणजे शेवट घाईत कोंबला जाणार नाही.

शेवटाबद्दल दोन गोष्टी आधीच बजावून ठेवा. ‘अँड देन आय वोक अप, इट वॉज अ ड्रीम’ बंद. आणि तात्पर्य नको. गोष्ट म्हटली की बोध, अशी मुलांची समजूत घट्ट असते. किल्लीच्या गोष्टीला ‘वी शुड ऑल्वेज बी केअरफुल’ जोडलं की आधीचं सगळं पाण्यात. त्याऐवजी पात्राची शेवटची कृती लिहा: मीराने किल्ली कुठे ठेवली, कुणाला दिली, तिच्याकडे बघून काय केलं.

९. जोडीने वाचन

वह्यांची अदलाबदल करा. वाचणाऱ्याने चुका शोधायच्या नाहीत. मुलं चुका शोधायला बसली की बरोबर असलेलंही चूक ठरवतात. त्याने दोनच गोष्टी करायच्या: आवडलेल्या एका वाक्याखाली रेघ, आणि जिथे आणखी माहिती हवीशी वाटली तिथे समासात एक प्रश्न. ‘व्हॉट डिड ही सी?’ इतका साधा चालेल. लेखकाने त्या एका प्रश्नाचं उत्तर सोडलेल्या ओळीत लिहायचं. दहा मिनिटांचं काम.

१०. तपासणी

साठ वह्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पाच तास. कुणीच ते करत नाही, आणि करूही नये. लालीलाल झालेली वही मूल बंद करतं आणि फक्त गुण बघतं.

पहिल्या मसुद्यात दोनच बाबी तपासा: गोष्ट पुढे सरकते का, आणि भूतकाळ टिकतो का. चूक दुरुस्त करू नका, फक्त खूण करा. काळाला ‘का’, राहिलेल्या शब्दाला उलटा ‘व्ही’, न कळलेल्या वाक्याला प्रश्नचिन्ह. एकच चूक पाचदा असेल तर पहिल्या दोनदा खूण करा आणि समासात ‘आणखी तीन शोध’ लिहा. शेवटी एक वाक्याचा शेरा, आणि तो गोष्टीवर. ‘गुड’ आणि ‘इम्प्रूव्ह ग्रामर’ हे शेरे नाहीत. ‘कान लावण्याचं वाक्य छान, आत कोण होतं ते मात्र कळलं नाही’ हा शेरा. असं तपासलं तर वहीला दोन मिनिटं लागतात.

सामाईक चुका एका कागदावर टिपत जा. पुढच्या तासाला त्यातली पाच वाक्यं निनावी फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या.

११. दुसरा मसुदा आणि गुण

गुण दुसऱ्या मसुद्यालाच द्या, पहिल्याला नाही. नाहीतर दुसरा म्हणजे सुवाच्य अक्षरात केलेली नक्कल होते. मुलांना गुणांची वाटणी आधीच माहीत असावी. दहापैकी अशी चालते: घटनांचा क्रम आणि शेवट ३, एक क्षण फुलवलेला २, काळ २, वाक्यं आणि शब्द २, विरामचिन्हं व शुद्धलेखन १. शुद्धलेखनाला एकच गुण का, असा प्रश्न पालकांकडून येतो. शुद्धलेखनाच्या भीतीने मुलं ‘व्हिस्पर्ड’ सोडून ‘टोल्ड’ लिहितात, हे त्याचं उत्तर. शब्द लिहिला तर दुरुस्त करता येतो. लिहिलाच नाही तर काय दुरुस्त करणार?

परीक्षेत मुद्दे किंवा पहिलं वाक्य दिलेलं असेल तर

३० मिनिटांची विभागणी ५-२०-५ अशी. पहिली पाच चौकोनांना, शेवटची पाच फक्त क्रियापदांवर बोट ठेवून वाचायला. दिलेले मुद्दे सगळे आलेच पाहिजेत, पण प्रत्येकाला सारख्या ओळी द्यायची गरज नाही. पाच मुद्द्यांतला एक निवडून तिथे थांबायचं. दिलेलं पहिलं वाक्य ‘आय’ने सुरू होत असेल तर शेवटपर्यंत ‘आय’च. मध्येच ‘ही’ होणं ही घाईतली नेहमीची चूक, आणि ती शेवटच्या पाच मिनिटांत सापडते. पाठ केलेली गोष्ट दुसऱ्या विषयावर चिकटवायला जाऊ नका म्हणावं. सांधा लगेच दिसतो.

आठवी तासिका संपताना पहिल्या दिवशीच्या, तारीख घातलेल्या वह्या परत द्या. प्रत्येकाने त्या जुन्या लिखाणातलं एक वाक्य निवडायचं आणि दहा मिनिटांत त्याची तीन वाक्यं करायची, तिथेच, सोडलेल्या ओळींत.